लढाई सरल्यावर

माझा भाचा नोकरीनिमित्त वर्षभर इटलीत आहे. मागच्या आठवड्यात त्याने एक फोटो पाठवला. उंब्रिया प्रांतातलं मोन्तोने नावाचं छोटं डोंगरी गाव आणि तिथे २०२३ साली उभारलेलं एक सूर्यघड्याळ. ते एका मराठी माणसाच्या नावाने आहे, यशवंत घाडगे. फोटोखाली भाच्याचा प्रश्न होता, "मामा, आपली माणसं इथे मरायला कशाला आली होती?"

एका ओळीत उत्तर देता आलं असतं. दुसरं महायुद्ध, इंग्रजांची फौज, मराठा लाइट इन्फंट्री, संपलं. पण ते उत्तर माझं मलाच पटेना. मग नीट लिहायला बसलो आणि पहिली आठवण आली ती अंथुर्ण्याच्या आमच्या आजीची. आजीचा आणि इटलीचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

आजीला सन कळत नसत. तिचं सगळं मोजमाप घडलेल्या गोष्टींवरून. थोरल्या बहिणीचं लग्न 'लढाईच्या साली' झालं, धाकटा भाऊ 'मानमोडीत' गेला, विहिरीचं काम 'गूळ पडला त्या साली' थांबलं. आम्ही मुलं सुट्टीत गावी गेलो की ओट्यावर बसून या सालांची बेरीज-वजाबाकी करून तिचं वय काढायचो. ते कधीच जुळलं नाही. तिचं एक वाक्य मात्र डोक्यात राहिलं. "लढाई होती तवर कसंबसं निभलं. लढाई सरली आन खरे हाल सुरू झाले." मी तेव्हा शाळेत पहिलं महायुद्ध शिकत होतो. इंग्रज जिंकले हे पाठ होतं. म्हणून मी विचारलं, "अगं, आपण तर जिंकलो होतो ना?" आजी म्हणाली, "कोन जिंकलं?" आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

आता इटलीकडे वळतो. इटलीही पहिलं महायुद्ध जिंकलेल्यांतच होती. २६ एप्रिल १९१५ ला लंडनमध्ये गुप्त तह झाला. ऑस्ट्रियाच्या ताब्यातला अमुक मुलूख देऊ, असं दोस्तांनी कबूल केलं आणि इटली युद्धात उतरली. सहा लाखांवर इटालियन सैनिक मेले. त्यातले बहुतेक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची पोरं. १९१७ च्या ऑक्टोबरात कापोरेत्तोला दाणादाण उडाल्यावर सैनिकांना धीर द्यायला, परत आलात की जमीन मिळेल, अशा बाता सुरू झाल्या. परत आल्यावर जमीन नव्हतीच, कामही नव्हतं. युद्धाआधी एका डॉलरला पाचेक लिरा पडत. १९२० संपता संपता पंचवीसच्या वर पडू लागले. १९१९ च्या जून-जुलैत महागाईविरुद्ध दंगे झाले, दुकानं फुटली. १९२० च्या सप्टेंबरात कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. १९२१ च्या अखेरीस एक मोठी बँक बुडाली.

म्हणजे दुखणं होतं भाकरीचं, कामाचं आणि जमिनीचं. पण त्याला नाव मिळालं भलतंच. पॅरिसच्या तहात मनासारखं मिळेना म्हणून पंतप्रधान ऑर्लांदो १९१९ च्या एप्रिलमध्ये परिषद सोडून निघाले. दानुंझिओ या कवीने 'आपला विजय लुळापांगळा केला' असा घोष आधीच सुरू केला होता. १२ सप्टेंबर १९१९ ला तो सशस्त्र अनुयायी घेऊन फियुमे या बंदरात घुसला आणि वर्षभराहून जास्त तिथे ठाण मांडून बसला. गंमत म्हणजे लंडनच्या तहात फियुमे इटलीला कबूल केलेलंच नव्हतं! पण ज्याच्या घरी पीठ नव्हतं त्यालाही आता आपलं फियुमे हिरावल्याचा राग येऊ लागला.

त्याच वेळी पो नदीच्या खोऱ्यातल्या बड्या जमीनदारांना शेतमजुरांच्या संघटनांची धास्ती बसली होती. त्यांच्या पैशावर पोसलेल्या मुसोलिनीच्या काळ्या डगल्यांच्या टोळ्यांनी मजुरांच्या कचेऱ्या आणि सहकारी संस्था जाळल्या. १९१९ च्या निवडणुकीत मुसोलिनीच्या पक्षाला एकही जागा मिळाली नव्हती. तीन वर्षांत, १९२२ च्या ऑक्टोबरअखेर, तो पंतप्रधान झाला.

हे वाचताना मला सारखं आपलं सुपे आठवत होतं. बारामती तालुक्यातलं, तेव्हाच्या भीमथडीतलं सुपे. कारण दूरच्या लढाईचं बिल आमच्या भागात त्याआधीही एकदा येऊन गेलं होतं.

ते असं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला, सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं आणि भाव उतरले. नेमक्या त्याच सुमाराला आमच्या इंदापूर तालुक्याच्या सरकारी साऱ्याची मुदत संपली. (इंदापूरची ही एक वेगळीच ओळख आहे. मुंबई इलाख्यातली रयतवारीची नवी मोजणी आणि जमाबंदी गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५-३६ च्या सुमारास पहिल्यांदा इथेच बसवली. ती तीस वर्षांची होती.) नवा सारा ठरला तो तेजीतले भाव डोळ्यांपुढे ठेवून. भरायची वेळ आली ती मंदीत. मग सावकाराने हात आखडला आणि जुने रोखे बाहेर काढले.

१२ मे १८७५, सुप्याचा आठवडे बाजार. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकानं फोडली. धान्य लुटलं गेलं, जाळपोळही झाली. पण मुख्य मागणी एकच होती, रोखे द्या, चोपड्या द्या. हातात आलेले कागद त्यांनी रस्त्यात जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं, नऊशेवर माणसं पकडली गेली. चौकशी आयोग बसला. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तिथे त्याच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही, हे सरकारी कागदपत्रांतूनच दिसतं. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

या लोकांबद्दल मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी आपल्या दुखण्याला स्वतःच नाव दिलं. त्यांना अमेरिका कुठे आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण आपल्या मानेवर कोणता कागद बसलाय हे पक्कं ठाऊक होतं. सगळं दुखणं त्या कागदात नव्हतं, साराही होताच, आणि जळलेल्या दुकानांतला प्रत्येक वाणी काही राक्षस नव्हता. तरी त्यांचा हात दुखऱ्या जागेच्या जवळपास तरी पोचला होता.

आता आजीची 'लढाई'. १९१४ ते १९१८. हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, सत्तर हजारांवर परत आली नाहीत. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळी फौज तुर्कांच्या हाती सापडली. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीपाशी किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी दिसते. या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. इटलीतही गावोगावी अशा पाट्या आणि स्मारकं आहेत. एकाच लढाईची, एकाच जिंकलेल्या बाजूची.

माणसांशिवाय पैसाही गेला. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंड 'देणगी' दिली. ती कुणाच्या खिशातून, हे वेगळं सांगायला नको. कापड, रॉकेल, मीठ महागलं. आजी भाव रुपयांत सांगायची नाही, रुपयाला किती शेर हे सांगायची. महागाई वाढली याला तिच्या भाषेत 'शेर उतरले' असं होतं. १९१८ चा पाऊस गेला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्या लाटेने खेडीच्या खेडी झोपवली. हीच मानमोडी. देशभरात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, इतकं सांगितलं तरी पुरे. ११ नोव्हेंबर १९१८ ला तिकडे युद्धविरामाच्या घंटा वाजल्या तेव्हा इकडे ज्वारीची शेतं कापायला माणूस नव्हता आणि कापण्यासारखं पीकही नव्हतं. १९२० ला पाऊस पुन्हा दगा देऊन गेला.

आता कुणी म्हणेल, तुमचा तर नीरा कालव्याचा मुलूख! हे खरं आहे, आणि गोष्ट इथेच जरा गुंतागुंतीची होते.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा काढला गेला आणि १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. भाटघरच्या धरणाने त्याला बारमाही आधार दिला. सासवडकडचे माळी ऊस लावायला या पट्ट्यात उतरले. हाडाचे बागाइतदार. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही छोटी रेल्वे सुरू झाली आणि गुळाच्या ढेपा बाहेर जाऊ लागल्या. युद्धाच्या वर्षांत आणि त्यानंतर थोडा काळ गुळाला चांगला भाव होता. म्हणजे एकाच शिवारात, पाटाच्या खालच्या अंगाला गुऱ्हाळं धडधडत होती, काहिलीतून वाफा निघत होत्या, आणि पाटाच्या वरच्या अंगाला जिराइतवाला घरदार घेऊन खडी फोडायला निघाला होता. महागाई एकच. विकायला माल असलेल्याला ती लक्ष्मी होती, विकत घेऊन खाणाऱ्याला अवदसा.

पण लक्ष्मीही टिकली नाही. विसाच्या दशकात गुळाचा भाव उतरत गेला आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत पार झोपला. आजीचा 'गूळ पडला' तो हाच. उसाला पेंड लागायची, ती उधारीवर यायची आणि आडत्या गुळावर वळती करून घ्यायचा. गूळ पडल्यावर हिशेब उलटा झाला. जिराइतवाला आधीच आडवा झाला होता, आता बागाइतवालाही झाला. पुढे १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण दिलं, तेव्हा कुठे वाट सापडली. सासवडच्या माळ्यांनी एकत्र येऊन अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. आणि अंथुर्ण्याच्या शेजारी, कळंबच्या माळावर वालचंदनगर उभं राहिलं.

हे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. १९१९ मध्ये, लढाई संपल्या संपल्या, त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी सिंदिया ही जहाज कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला त्यांचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना हा उघड उघड पंगा होता. युद्धोत्तर नाराजीचं हेही एक रूप. कुणी बंदरावर चालून गेलं, कुणी बंदरातून स्वतःचं जहाज सोडलं.

बाकीची नाराजी कुठे गेली? आपल्यालाही लढाईच्या भरात वचन मिळालं होतं. २० ऑगस्ट १९१७ ला माँटेग्यूने जबाबदार राज्यपद्धतीची भाषा केली. टिळकांचं म्हणणं सरळ होतं. स्वराज्याचं बोला, मग माणसं देऊ. १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हेच बोलू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवलं आणि ते सभागृह सोडून निघाले. लढाई संपली आणि वचनाच्या जोडीला मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला, १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत लाखावर गिरणी कामगार महागाईपायी संपावर गेले होते. साताऱ्याकडे सत्यशोधक विचारांच्या कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांविरुद्ध उचल खाल्ली. आपल्याच जिल्ह्यात मुळशीला मुंबईच्या विजेसाठी टाटांचं धरण होऊ घातलं, तर १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी. तिथेही गंमत बघा. कष्टणारा मावळा 'जान किंवा जमीन' म्हणत होता आणि त्या जमिनी ज्यांच्याकडे गहाण पडल्या होत्या त्या सावकारांना सरकारी भरपाई गोड लागत होती. १९२४ पर्यंत तो लढा विझला.

मग आपल्याकडे मुसोलिनी का झाला नाही? आपण जात्याच शांत आणि सज्जन म्हणून, असं उत्तर मला पटत नाही. एक तर आपलं सरकारच परकं होतं. सगळ्यांच्या रागाला बोट दाखवायला एक खरी जागा होती. दुसरं, इटलीत लाखो सैनिक आणि बेकार अधिकारी एकदम परतले. आपले शिपाई थोड्याच जिल्ह्यांतले, परत येऊन आपापल्या शिवारात विरघळले. तिसरं, आपला राग एका झेंड्याखाली आलाच नाही. मजूर, कूळ, बागाइतदार, ब्राह्मण, ब्राह्मणेतर, जो तो वेगळ्या दाराशी उभा होता. इतकी वर्षं आपण याला आपला दुबळेपणा म्हणत आलो. मला हल्ली वाटतं, त्यात थोडं नशीबही होतं.

आणि पाठ थोपटून घ्यायचीही सोय नाही. पुण्या-नाशकाला इटलीचं आकर्षण जुनं. १९०७ मध्ये सावरकरांचं मॅझिनीवरचं पुस्तक मराठीत आलं तेव्हा ती इटली स्वातंत्र्यासाठी झुंजणारी होती. पण १९ मार्च १९३१ ला डॉ. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले, त्याच्या तरुणांच्या लष्करी संघटना पाहून प्रभावित झाले आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला लष्करी शाळा निघाली. शिस्त, कवायत, एक नेता, एक हाक यांची भूल आपल्याही लोकांना पडत होती. पो नदीच्या काठी कुणाच्या कचेऱ्या जाळून ती शिस्त उभी राहिली, हे इथे कितीजणांनी विचारलं असेल?

तर भाच्याला मी लिहिलं ते असं.

बाबा रे, १९१९ मध्ये इटलीतल्या खेड्यात जी माणसं पिठासाठी रांगेत उभी होती, त्यांचं दुखणं तुझ्या पणजीच्या दुखण्यासारखंच होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं, तुमच्या पिठाचं नंतर बघू, आधी तुमचा अपमान झालाय तो बघा. त्यांनी ते ऐकलं. पीठ राहिलं बाजूला. वीस वर्षं हुकूमशाही आली, मग १९४० मध्ये ती युद्धात उतरली. म्हणून १९४१ मध्ये मराठा पलटण एरिट्रियात केरनच्या डोंगरावर इटालियन फौजेशी लढली. पुढे इटलीने शरणागती पत्करली, जर्मन तिथे पाय रोवून बसले आणि त्यांना हुसकायला आपली माणसं टायबरच्या खोऱ्यात गेली. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतली सगळी माणसं मशिनगनच्या माऱ्यात मेली किंवा जखमी झाली. ते एकटे पुढे धावले, हातगोळा टाकला, ठाणं घेतलं आणि मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने पडले. वय बावीस. गाव पळसगाव, माणगाव तालुका, रायगड जिल्हा. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि ती लढाई सरल्यावर इकडे काय होतं? रेशन, कंट्रोल आणि पुन्हा उतरलेले शेर.

त्या सूर्यघड्याळावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. फोटोत नीट वाचता येत नाही, म्हणून भाच्याला पुन्हा जाऊन बघायला सांगितलंय.

परवा गावी गेलो तेव्हा आजीच्या ओट्यावर बसलो होतो. तुकोबांची पालखी अंथुर्ण्यावरून जाते त्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. कट्ट्यावरची पोरं मोबाइलवर कुठल्यातरी दूरच्या लढाईच्या बातम्या बघत होती, कोण जिंकतंय याची पैज लावत होती. शेजारी एकजण खताच्या पोत्याचा भाव काय झाला म्हणून विचारत होता. त्या पोरांना काही सांगावंसं वाटलं, पण आजीइतकं थोडक्यात मला येत नाही.

तुमच्या घरी कुणी 'लढाईची साल', 'मानमोडी' किंवा 'कंट्रोल'बद्दल सांगणारं असेल, तर त्यांच्याजवळ जरा बसा आणि ऐकलेलं लिहून ठेवा. मी आजीला दुसरा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.